उजेडाचे तीन तुकडे

औषधाच्या ट्रेमध्ये कागद काळवंडायला लागला तसा शामसुंदर सवयीनं मनात आकडे मोजू लागला. दहाला कमानीची सावली आली, विसाला भिंत फोडून निघालेली पिंपळाची मुळं, तिसाला पडक्या छपराचे वासे, आणि चाळीस होईस्तोवर अख्खं गिरजाघर लाल दिव्याखाली कागदावर येऊन उभं राहिलं. फक्त डाव्या खिडकीच्या आत तीन ठिकाणं पांढरीच राहिली. भोवतीचा काळोख दाट होत गेला तरी ती काळी होईनात. निगेटिव्हवर धूळ बसली असेल म्हणून त्यानं चिमट्यानं कागद हलवला, कोपऱ्याला धरून निथळवला, हायपोमध्ये, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या पाण्यात, टाकला आणि मग वाकून, डोळे बारीक करून पाहिलं. तीन तुकडे, एका ओळीत, वरून सरळ आणि खाली निमुळते. प्रत्येकाच्या वरच्या दोन्ही टोकांना बारीकशी शेपूट. धुळीला शेपूट नसते. हा आकार त्यानं चार दिवसांपूर्वीच पाहिला होता. बोरसीतल्या आपल्या भाड्याच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत, ट्रंकेच्या मागे बांधलेल्या सुतळीवर. ते तान्ह्या पोराचे लंगोट होते, धुऊन वाळत घातलेले.

मनगटावरच्या घड्याळात अडीच वाजले होते. चार वाजता त्या गिरजाघरावर बुलडोझर जाणार होता. आणि तिथं कोणी राहत नाही, आत जाऊन पाहिलं, जागा रिकामी आहे, असं लिहिलेल्या कागदावर काल संध्याकाळी सही करणारा माणूस शामसुंदरच होता.

पोलादाचा कारखाना अजून उभा राहायचा होता; तूर्त भिलाईत उभं असलेलं आडवं करायचं काम जोरात चाललं होतं. घरं, गोठे, विहिरींचे कठडे, एखादं शेंदूर फासलेलं देऊळ, जे काही नकाशावर आखलेल्या रेघांच्या आत येई ते पाडायचं, आणि पाडण्याआधी शामसुंदरनं त्याचा फोटो काढून ठेवायचा. फोटोत एका कडेला त्याचा मदतनीस देवाजी उभा असे, एका हातात लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मापाची काठी आणि दुसऱ्या हातात पाटी, पाटीवर खडूनं लिहिलेला नंबर. एक फोटो समोरून, एक बाजूनं. मग आत एक चक्कर मारून यायचं आणि कागदावर ‘रिकामे’ लिहून सही करायची. फोटो फाईलसाठी, सही कामासाठी. फोटो महिन्यानं धुतला तरी कोणी विचारत नसे. सहीवाचून मात्र बुलडोझर जागचा हलत नसे. गेल्या चार महिन्यांत शामसुंदरनं अशा चाळीस जागा काढल्या होत्या आणि चाळीसही जागांच्या आत तो स्वतः जाऊन आला होता, चुलीतली राखसुद्धा बोटानं चाचपून. एकेचाळिसावी जागा हे गिरजाघर.

मरोदा गावाच्या पलीकडे मुरमाड माळावर ते एकटंच उभं होतं. संवत छप्पनच्या, म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या दुष्काळात कोण्या गोऱ्या पाद्र्यानं पोटाला धान्य देऊन लोकांकडून ते बांधून घेतलं, असं देवाजी सांगायचा. पुढे पाऊस आला, पोटं भरली, लोक आपापल्या शेताकडे परतले, पाद्रीही निघून गेला आणि छप्पर आपल्या सोयीनं खाली आलं. काल सकाळी शामसुंदर तिथं पोचला तेव्हा ऊन कोवळं होतं आणि उरलेल्या वाशांमधून ते तिरपं आत उतरत होतं. पिंपळाच्या पानांची सावली भिंतीवर हलत होती, भिंतीचा चुना कुठे पिवळा, कुठे शेवाळानं काळा, आणि कमानीच्या वरच्या गोल खिडकीत निळ्या काचेचा एकच तुकडा शिल्लक होता. इतकं देखणं काही आपल्या कॅमेऱ्यासमोर आजवर आलं नाही, हे त्याला पाहताक्षणी कळलं. नंबराचे दोन फोटो झाल्यावर त्यानं देवाजीला बाजूला बसायला सांगितलं आणि स्वतःच्या हौसेनं आणखी चार काढले. दोन भिंगांचा तो कॅमेरा छातीशी धरून, मान खाली घालून काचेत बघायचं. काचेत डावं उजवीकडे दिसतं. डाव्या खिडकीच्या आतला काळोख काचेच्या उजव्या कडेला आला आणि त्या काळोखात उजेडाचे तीन तुकडे एका ओळीत लोंबत होते. वाऱ्यानं ते जरासे हलले. ते स्थिर व्हावेत म्हणून तो श्वास रोखून थांबला, चांगला मिनिटभर थांबला, आणि मग त्यानं बटण दाबलं. म्हणजे त्यानं पाहिलं होतं. न पाहिल्याचा बहाणाही त्याला उरला नव्हता. पाहिलं आणि छान दिसतं म्हणून घेतलं.

आणि आत मात्र तो गेला नाही. दाराच्या समोरच कबरी होत्या, आठ-दहा, काही खचलेल्या, काहींवरचे दगड तिरके झालेले. दारापर्यंत जायचं तर त्यांच्यामधूनच, आणि शेवटच्या दोन तर ओलांडूनच जावं लागलं असतं. त्या दोन कबरी हात-दीड हात लांबीच्या होत्या. एवढ्या लांबीच्या कबरीत कोण मावतं हे कळायला दगडावरची अक्षरं वाचावी लागत नाहीत. शामसुंदर तिथंच थांबला. प्रेमलाला सातवा महिना लागला होता.

बायको गरोदर असताना नवऱ्यानं काय काय करू नये, याची यादी त्याच्या आईला तोंडपाठ होती. डोईची हजामत करू नये, घराचा पाया खणू नये, मसणात पाऊल ठेवू नये, मयताला खांदा देऊ नये. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, भंडाऱ्याला असताना, तो हे सारं हसण्यावारी नेत असे. पहिल्या वेळी तिसऱ्या महिन्यातच गर्भ गेला तेव्हाही डॉक्टरीणबाई म्हणाल्या की होतं असं कधीकधी, आणि ते त्याला पटलं. दुसऱ्या वेळी आठवा महिना चालू असताना शेषरावकाका गेले. सावकाश, भरल्या घरात गेले. पण दिवस सुगीचा, गावातले पुरुष खळ्यावर, तिरडीला तीनच खांदे मिळाले आणि चौथ्या कोपऱ्याशी कोणी नाही. आई दारातून नुसती पाहत होती. शामसुंदर पुढे झाला आणि त्यानं उजवा खांदा दिला. काकांचं ओझं काहीच नव्हतं, वाळलेल्या माणसाचं असून असून किती असणार. पंधराव्या दिवशी प्रेमलाला कळा सुरू झाल्या. तो ओसरीवर उभा होता, आतून सुईणीचा आवाज येत होता, भांड्यांचा येत होता, प्रेमलाचा येत होता, आणि मग एकदम काहीच येईना. तो रडण्याची वाट पाहत राहिला. पोर जन्मल्यावर रडतं, एवढं तर लहान मुलालाही ठाऊक असतं. तो उभा राहिला, बराच वेळ उभा राहिला, भिंतीच्या पोपड्यांकडे पाहत, कान लावून, आणि आतून रडं आलंच नाही. आईनं पुढे कधी खांद्याचा विषय काढला नाही. काढला असता तर भांडता आलं असतं. त्यानंतर त्याचा या गोष्टींवर विश्वास बसला असं नाही. विश्वास नव्हताच, नुसती भीती होती, आणि विश्वासाशी वाद घालता येतो तसा भीतीशी घालता येत नाही.

म्हणून काल तो गिरजाघराच्या मागच्या बाजूला एक फेरी मारून आला, कबरींपासून चार पावलं दूर राहून. पिंपळाखाली बसलेला देवाजी तंबाखू मळत म्हणाला, “सायेब, मी आत जाऊन येऊ का?” साठीला टेकलेला, गोंदियाकडचा माणूस, त्याला ना कबरींचं भय ना सापांचं. त्याला जा म्हटलं असतं तर संपलं होतं. पण मग त्यानं विचारलं असतं, कावून, तुमी नाही जात का, आणि ऑफिसातल्या लोकांना चार दिवस चघळायला विषय मिळाला असता. “मी जाऊन आलो ना मागून,” शामसुंदर म्हणाला. “काही नाही आत. पारवे आहेत.” पारवे होते हे खरंच होतं, भिंतीवरून उडताना त्यानं पाहिले होते. खोट्यात एक खरी गोष्ट मिसळली की ते गिळायला सोपं जातं. देवाजीनं मान हलवली, पाटी पुसली आणि काठी खांद्यावर टाकली.

आता तो डार्करूमचं दार उघडून बाहेर आला तेव्हा उजेडानं डोळे दिपले. टिनाच्या शेडमध्ये हेडक्लार्क आनंदराव एकटेच होते, पंख्याच्या अगदी खाली खुर्ची ओढून. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “कावून रे, तुझं तोंड कावून पांढरं पडलं?” सांगावं, असं त्याच्या अगदी जिभेवर आलं. पण सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, तू आत गेला होता ना? आणि सांगूनही उपयोग काय, साईटवर फोन नव्हता, जीप दुर्गला गेलेली, पोचायचं तर सायकलनंच. “प्रेमलाची तब्येत...” तो म्हणाला. आनंदराव लगेच उठून उभे राहिले, “अरे मग जा ना, उभा काय राहिला! काही लागलं तं सांग, माही विजया घरीच आहे, पाठवतो.” विजया म्हणजे त्यांची बायको. शामसुंदर मान डोलावून निघाला. बाहेर येऊन त्यानं सायकलचं कुलूप काढलं. सबब म्हणून तिचंच नाव का आलं? हजार सबबी होत्या, दात दुखतो म्हटलं असतं, ताप आला म्हटलं असतं. बोललेलं खरं होतं म्हणतात. त्यानं जीभ दाताखाली इतकी दाबली की रक्ताची चव आली. ओला फोटो त्यानं शर्टाच्या आत, बनियनला लावून ठेवला होता. तो छातीला गार चिकटला.

फाल्गुनातलं ऊन, रस्ता नुसता धुरळ्याचा. दोन्ही बाजूंना खोदलेले पाये, विटांचे ढीग, पाट्या वाहणाऱ्या रेजा बायांच्या रांगा, रशियन यंत्रांचे पिवळे सांगाडे, आणि कुठूनतरी सतत शिट्ट्या. इतक्या शिट्ट्या वाजत की त्यांचा अर्थच राहिला नव्हता. शामसुंदर पायडल मारत होता आणि मन स्वतःशी वकिली करत होतं. त्या बाईनं, असेल कोणी ती, इंजिनाचा आवाज ऐकला तर ती बाहेर येईलच की. नाही येणार, इथं दिवसभर इंजिनंच चालतात. बुलडोझरवाला आत डोकावेलच. कशाला डोकावेल, त्याच्या हातात कागद आहे, आणि कागदावर रिकामं म्हणजे रिकामं. कदाचित लंगोट जुने असतील, कोणी सोडून गेलेलं असेल. सोडून जाणारी बाई लंगोट धुऊन वाळत घालत नाही. प्रत्येक वेळी तो एक वाट काढी आणि पुढच्या दहा पायडलांत तीही बुजून जाई. खरं म्हणजे एवढी वकिली कशासाठी चालली होती हे त्याला ठाऊक होतं. तिथं पोचल्यावर आत जायला लागेल. आज कोणी दुसरा जाणार नाही.

मरोद्याच्या अलीकडे रस्त्याला फाटा फुटतो. डावीकडे गेलं की बोरसी, घर. तिथं त्यानं एक पाय जमिनीवर टेकला. आत्ता ती झोपली असेल, कुशीवर, हात पोटाखाली. चार दिवसांपूर्वी, आई विहिरीवर गेली असताना, तो अवेळी घरी आला होता आणि ट्रंकेमागे ते लंगोट पाहून जागीच खिळला होता. मूल व्हायच्या आधी मुलाचं काही शिवायचं नसतं. टाका घातला की दृष्ट लागते. प्रेमलानं त्याचं जुनं धोतर फाडून तीन लंगोट शिवले होते, नाड्यांसकट. “आईले सांगू नका,” ती म्हणाली. “धुतलं म्हणजे मऊ होते.” त्याचा आवाज चढला होता, की तुले काही समजते का, कावून करून राहिली हे. तेव्हा ती रागावली नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही, सुतळीवरचा लंगोट सारखा करत एवढंच म्हणाली, “दोनदा नाही शिवलं. काय झालं त्यानं?” आता तो त्या फाट्यावर उभा होता आणि त्याला वाटत होतं की एका बाजूला आपलं पोर आहे आणि दुसऱ्या बाजूला कोणाचं तरी, आणि आपण ज्या बाजूला चाक वळवू त्याच्या विरुद्ध बाजूचं जाणार. असं काही नसतं, हे त्याला कळत होतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आई इतरांना हसून म्हणायची. त्याचा ब्रह्मराक्षस मात्र आईनंच पोसला होता, आणि तीही आपल्या भीतीपोटीच. मग माळाच्या दिशेनं एक आवाज आला, गडगडाटासारखा, पण खालून, जमिनीतून. आणि पाठोपाठ पांढऱ्या धुळीचा लोट वर चढला. चारला अजून वीस मिनिटं होती. शामसुंदरनं चाक उजवीकडे वळवलं.

तो पोचला तेव्हा समोरची कमान नव्हती. निळ्या काचेची गोल खिडकी नव्हती. बुलडोझरच्या मागं जाड तारेचा दोर लोळत होता आणि ड्रायव्हर रामाजी, नागपूरकडचा आडदांड माणूस, खाली उतरून तो दोर त्यानंतर पाडायच्या भिंतीच्या खिडकीतून ओवायला माणसांना सांगत होता. डाव्या भिंतीच्या. शामसुंदरनं सायकल धावतीच सोडली. “थांबवा! इंजिन बंद करा! आत माणूस आहे!” रामाजीनं इंजिन बंद केलं, पण चेहऱ्यावर वैताग. “कोन माणूस, सायेब? मशीन साडेतीनलेच भेटली, तिकडं अजून दोन जागी जाचं हाय. तुमचाच तं कागद हाय.” शामसुंदरनं शर्टातून फोटो काढला, घामानं आणि हायपोनं चिकट झालेला, आणि त्या पांढऱ्या खुणांवर बोट ठेवलं. रामाजीनं तो उन्हात धरून पाहिला. “हे तं ऊन हाय,” तो म्हणाला.

“ऊन नाही. लंगोट आहेत, तान्ह्या पोराचे.”

“तुमीच तं आत जाऊन आल्ते,” बाजूला काठी घेऊन उभा असलेला देवाजी हळूच म्हणाला. त्याच्या स्वरात दोष नव्हता, नुसता गोंधळ होता.

“नाही गेलो,” शामसुंदर म्हणाला. “खोटं बोललो तुले. कागदही खोटा आहे.” कालपासून ज्याची लाज वाटत होती ते इतक्या थोड्या शब्दांत संपलं. देवाजीनं नजर खाली वळवली. मग सगळे कान लावून उभे राहिले. इंजिनाची धग पत्र्यातून टिकटिक करत निवत होती. धूळ खाली बसत होती. पारवे एकदा भिरभिरून पुन्हा भिंतीवर बसले. आतून काहीही आवाज आला नाही. ना हाक, ना कण्हणं, ना रडणं. शामसुंदर उभा होता त्या माळावर, पण पाय भंडाऱ्याच्या ओसरीवर होते, समोर भिंतीचे तेच पोपडे, तीच आतली शांतता, आणि तो पुन्हा कान लावून वाट पाहत होता. झालं, त्याला वाटलं. आपल्या सहीनं झालं. या वेळी खांदासुद्धा द्यावा लागला नाही.

“कोनी नाही, सायेब,” रामाजी म्हणाला. “अन् असलं तरी मी माह्या माणसाले आत नाही पाठवणार. ते मांगची भिंत आता हातानं ढकलली तरी येते खाली.” देवाजी काठी टाकून पुढे झाला, पण शामसुंदरनं त्याचा दंड धरला. का धरला हे त्याला सांगता आलं नसतं. इतकंच कळत होतं की देवाजी आत गेला आणि आपण इथं वाट पाहत राहिलो तर ही वाट पाहणं आयुष्यभर संपणार नाही. त्यानं चपला काढल्या. त्या का काढल्या हेही त्याला कळलं नाही. तापलेल्या मुरमावर पाय भाजत होते. कबरींवर कमानीचे दगड येऊन पडले होते, त्यामुळे मधून जायलाही जागा उरली नव्हती. दगडांवरून, म्हणजे कबरींवरूनच जायचं. पहिल्या लहान कबरीपाशी आल्यावर तो थांबला. प्रेमला, तो मनात म्हणाला, आणि पुढे काय म्हणायचं ते सुचेना, माफ कर म्हणायचं की सांभाळ म्हणायचं. त्यानं पाय उचलला आणि पलीकडे टाकला. मग दुसरी. आभाळ कोसळलं नाही. नुसते पारवे उडाले.

आत गार होतं. वेदीच्या जागी पिंपळाचं खोड, त्याच्या मागे पाद्र्याची म्हणून असेल अशी एक बुटकी खोली, तिचं छप्पर शाबूत. डाव्या खिडकीतली सुतळी तुटून खाली आली होती आणि लंगोट धुळीत पडले होते. त्यानं ते उचलले. आजच धुतलेले, अजून ओलसर होते. तीन दगडांची चूल, एक काळं भगुनं, आणि खोलीच्या कोपऱ्यात, गोणपाटावर, भिंतीला पाठ लावून एक बाई बसलेली, धुळीनं पांढरी झालेली, डोळे तेवढे काळे. तिनं छातीशी एक गाठोडं दाबून धरलं होतं आणि गाठोड्याच्या तोंडावर तिचा तळहात होता.

“मी निंगते जी,” ती कुजबुजली. “आताच निंगते. मारू नका.”

“हात काढ,” तो म्हणाला. “आधी त्याच्या तोंडावरचा हात काढ.”

“आवाज गेला तं हाकलतीन ना. कालपासून रडूच नाही देल्लं. काल तुमी फोटो काढून राहिले होते, मी पायलं, अशीच बसली होती.” म्हणजे तो श्वास रोखून उभा होता तेव्हा भिंतीच्या आत हीदेखील श्वास रोखून बसलेली होती. तिचं नाव रंभा, साकोलीकडची, नवरा सुखराम रेल्वेच्या लाईनीवर कामाला. लेबर कॅम्पात बाळंतिणीला जागा नाही म्हणून त्यानं तिला पाच दिवसांपूर्वी इथं आणून ठेवलं, हे सारं त्याला नंतर कळलं. त्या वेळी त्यानं वाकून तिचा हात स्वतःच बाजूला केला. खाली एवढंसं तोंड होतं, जांभळट, मिटलेलं. एक क्षण ते तसंच राहिलं. त्या एका क्षणात शामसुंदरनं जे काही आजवर मागितलं नव्हतं ते सगळं मागून घेतलं, कोणाकडे ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मग ते तोंड उघडलं, उघडतच गेलं, आणि त्यातून एवढा मोठा आवाज निघाला की भिंतीवरचा चुना झडला.

रंभाला उठवेना. मग देवाजी आलाच, न सांगता, आणि त्यानं तिला धरून बाहेर काढलं. पोर शामसुंदरकडे आलं. तान्हं पोर धरायची त्याला सवय नव्हती. त्यानं ते उजव्या खांद्यावर टाकलं, मानेखाली हात देऊन, आणि त्याच कबरींवरून, अनवाणी, एकेक दगड चाचपत बाहेर आला. पोर कानाशी रडत होतं, सारखं, संतापून, कालपासूनचं तुंबलेलं रडत होतं. रामाजीनं डोक्याचा फेटा काढून रंभाला ऊन लागू नये म्हणून दिला आणि आपल्या माणसांवर उगाच ओरडला. रंभाला विटांच्या ट्रकवर बसवून सुखरामकडे पाठवलं तेव्हा पाच वाजले होते. मग भिंत पडली. शामसुंदरनं ती पडताना पाहिली नाही. तो चपला शोधत होता. उद्या आनंदरावांना सगळं लिहून द्यायचं होतं.

तो बोरसीला पोचला तेव्हा ऊन कलंडलं होतं आणि आई दारातच उभी होती. आनंदरावांची विजया येऊन गेली होती, प्रेमलाची तब्येत कशी आहे विचारायला. “काय सांगितलं रे तू तिथं?” आईनं विचारलं. “हे तं चांगली आहे. अन् तू कुठून येऊन राहिला?” तिची नजर त्याच्या पायांवर, कपड्यांवरच्या पांढऱ्या धुळीवर, आणि मग खांद्यावर गेली. त्यानं वळून पाहिलं. उजव्या खांद्यावर एक लंगोट चिकटलेला होता, पोराच्या खाली दिलेला, चांगला ओला. चार मैल तो तसाच सायकल चालवत आला होता.

“आई, मी कबरी ओलांडल्या,” तो म्हणाला. “गिरजाघरापुढच्या. दोनदा. जातानी अन् येतानी.”

आईचा चेहरा राखेसारखा झाला. तिनं ओठ हलवले, दाराची चौकट धरली. यादी तिच्या तोंडाशी आली असणार, खांद्याची गोष्टही आली असणार, आज भांडण होणार असं त्याला वाटलं आणि ते व्हावं असंही वाटलं. पण ती एवढंच म्हणाली, “आंघोळ करून घे. पाणी ठेवते,” आणि तिचा आवाज कापला. तीही घाबरली आहे, त्याच्याइतकीच, कदाचित त्याच्याहून जुनी घाबरलेली आहे, हे त्याला पहिल्यांदा दिसलं.

प्रेमला आतून आली, एक हात कमरेवर. तिनं सगळं ऐकलं होतं. त्यानं तिला सांगितलं, फोटोतल्या तीन पांढऱ्या खुणांपासून, कालच्या खोट्यापासून, काही न वगळता. सांगताना तो तिच्या पोटाकडे पाहू शकत नव्हता. दोन महिने अजून होते. दोन महिने तो रोज सकाळी उठून घाबरणार होता, तिला शिंक आली तरी घाबरणार होता, आणि या भीतीवर कोणाकडे औषध नव्हतं.

प्रेमलानं विचारलं, “रडलं का ते लेकरू?”

“हो.”

“मोठ्यानं?”

“लय मोठ्यानं. थांबतच नव्हतं.”

तिनं मान हलवली. त्याच्या खांद्यावरचा लंगोट काढून घेतला, बादलीत बुचकळून पिळला आणि झटकला. मग ती आतल्या खोलीत गेली, ट्रंकेमागची सुतळी सोडून आपले तीन लंगोट घेऊन बाहेर आली, आणि अंगणातल्या तारेवर, सासूच्या देखत, तिनं चारही ओळीनं वाळत घातले.